सस्पेन्स अकाउंट

राग आवरावा, हे आपल्याकडे सगळे सांगतात. कसा आवरावा, हे कोणी सांगत नाही. पंखा बिघडला म्हणून बोलावलेला इलेक्ट्रिशियन 'पंखा नीट करून घ्या' एवढेच सांगून निघून गेला, तर आपण त्याला पैसे देऊ का? पण मनाच्या बाबतीत असलेच कारागीर घरोघरी आहेत. 'मन आवर', 'एवढं काय त्यात रडायचं' आणि 'आमच्या वेळी नव्हते असले आजार' ही तीन औषधे प्रत्येक मराठी घरात अमृतांजनाशेजारी ठेवलेली असतात.

माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाला रागाचा अभ्यास फुकटात होतो. नोव्हेंबरात पेन्शनरांकडून हयातीचा दाखला घ्यायचा असतो. समोर उभा असलेला माणूस गरजतो, "अहो, मी उभा आहो ना जी तुमच्यासमोर! अजून काय पुरावा पाहिजे?" त्याचे शंभर टक्के खरे. माझ्यापुढचा नियमही खरा.

दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, यावर एक अख्खी उपचारपद्धती उभी आहे, हे मला माझ्या भाचीने सांगितले. ती पुण्याला नोकरी करते. लहानपणापासून 'तापट' या एका शब्दात आम्ही तिचा निकाल लावला होता. दोन वर्षांपूर्वी बहिणीने तिच्या मनगटावरच्या खुणा पाहिल्या आणि तो शब्द पुरेना. डॉक्टरांनी तिला एका गटवर्गात घातले. उपचाराचे नाव डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी. नाव ऐकून बहिणीने आधी फी विचारली.

वर्ग म्हणजे खरोखरचा वर्ग. आठवड्यातून एकदा, दोन-अडीच तास, सात-आठ जण, फळा आणि चक्क गृहपाठ. आपापली दुःखे उगाळत बसायची नाहीत, शिकायचे. विषय चार : आत्ता मनात काय चालले आहे ते नुसते पाहणे, संकटाची घटका निभावून नेणे, भावनेला वळण देणे आणि माणसांशी धडपणे बोलणे. रोज एका कार्डावर कोणती भावना किती, याचे आकडे भरायचे. भावना फारच उसळली तर गार पाण्यात तोंड बुडवायचे. (पुण्यात हे ठीक आहे. मे महिन्यात आमच्या वर्धेच्या नळाला चहाचे आधण येते.)

ही पद्धत अमेरिकेतल्या मार्शा लिनेहन या बाईंनी काढली. 1991 साली त्यांनी प्रयोगाचे निष्कर्ष छापले. हा उपचार घेतलेल्या बायकांचे स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग कमी झाले होते. आणि 2011 साली बाईंनी जाहीर केले, की तरुणपणी त्या स्वतःच अशा रुग्ण होत्या. 'तू आहेस तशी मला मान्य आहेस, आणि तुला बदलावेही लागेल,' हे दोन्ही एका दमात सांगणे ही त्यांची युक्ती. आम्हा कॉमर्सवाल्यांना यात नवल नाही. जमा आणि नावे एकाच व्यवहाराच्या दोन बाजू असतात.

मला खटकली ती 'विरुद्ध कृती'. राग प्रसंगाला धरून नसेल, तर चाल करून जाण्याऐवजी हळूच बाजूला व्हायचे. जमलेच तर थोडे गोड वागायचे. दिवाळीत ती आली, तेव्हा आम्ही सेवाग्रामला गेलो होतो. सत्याच्या आश्रमात उभे राहून मी विचारले, "मनात एक आणि वागायचं दुसरं, हे ढोंग नाही का?"

"ढोंग म्हणजे राग आलाच नाही म्हणणं, मामा. मी म्हणते, आलाय. कार्डावर लिहितेसुद्धा. तुमच्या भाषेत, त्याला खातं उघडून दिलंय, सहीचा अधिकार दिलेला नाही."

मी सहजी हरणारा नव्हे. "आणि राग खराच असेल तर? 1893 साली पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनवर गांधींना गाडीतून उतरवलं, तेव्हा त्यांनी तोंडावर गार पाणी मारून गप्प बसायला हवं होतं?"

"खरा असेल तर उलटवायचा नाही. प्रश्न सोडवायला घ्यायचा."

इथे मला आमचे सस्पेन्स अकाउंट आठवले. ताळा जमत नसला, की फरकाची रक्कम तात्पुरती तिथे टाकतात, म्हणजे शाखा संध्याकाळी बंद करता येते. पण ऑडिटर येतो आणि विचारतोच, ही नोंद किती दिवसांची? घरोघरच्या बायकांनी वर्षानुवर्षे गिळलेला राग असल्याच खात्यात पडून आहे, आणि त्याला आपण सोशिकपणा म्हणतो. गांधीही जन्मतः शांत नव्हते. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढत नेल्याचे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहिले आहे. तेच पुढे सोमवारी मौन पाळत आणि बोलायचे ते चिठ्ठीवर लिहीत. चिठ्ठी लिहीपर्यंत निम्मा राग उतरत असावा, हा माझा अंदाज.

बापू कुटीत साप धरायचा चिमटा आणि पेटी ठेवलेली आहे. साप मारायचा नाही. धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा. भाची तिथे बराच वेळ थांबली.

"सोडलेले साप परत यायचे का हो?" तिने तिथल्या कार्यकर्त्याला विचारले.

"येत असतील ना. रानच होतं इथं."

तिने पर्समधून कार्ड काढले आणि भिंतीला टेकून त्यावर काहीतरी आकडा घातला. किती, ते मी विचारले नाही.