हरळी, कोंबड्या आणि समदृष्टी

आज गीता ५.१८. ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, चांडाळ... ज्ञानी सगळ्यांना समान पाहतो.

आमच्या इंदापूरच्या अंगणात बाबांना हिरवं लॉन हवंय, आईला मोकळ्या गावरान कोंबड्या. कोंबडी किड्यांसाठी उकरणारच, धुळीत लोळणारच. दिवसभर कोंडली तर लॉन वाचेल, पण मला ते पटत नाही. समान नजर म्हणजे सगळीकडे सारखी मोकळीक, असंही नाही ना! म्हणून राख-मातीचा कोपरा दिवसभर तिचा. लॉनवर फक्त दिवस मावळायच्या आधी तासभर. अंधारलं की ती आपणच खुराड्याकडे वळते. जमीन ओली असेल तर तेही नाही.

आपल्या काटेवाडीत तर तुकोबारायांच्या पालखीभोवती मेंढ्या रिंगण धरतात. लॉन त्याहून सोवळं आहे का?

बाबा अजून कुरकुरतात. आई म्हणते, हरळीच ती, पावसात परत येईल.