येण्याआधीची विचारपूस

मावळात उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून भाताच्या रोपांची जागा भाजून काढायची व मग पावसाची वाट पाहायची. पेरणीपूर्वी जाणता शेतकरी बी मिठाच्या पाण्यात टाकतो आणि तरंगणारे पोचट दाणे बाजूला काढतो. ह्या तयारीला कोणी देवावरचा अविश्वास म्हणत नाही. परंतु नवविवाहित जोडप्याला, मूल होऊ देण्याआधी दोघेही एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, असे आम्ही सुचविले की उत्तर ठरलेले असते : “देव देईल ते घ्यायचं, फादर.”

(शेताची उपमा आम्ही येथेच सोडून देतो. स्त्रीला शेत आणि पुरुषाला मालक ठरविणाऱ्या ह्या उपमेने आजवर पुष्कळ नुकसान केले आहे. शिवाय माणसाचे मूल म्हणजे वेचून टाकावयाचा पोचट दाणा नव्हे.)

‘देव देईल ते’ ह्या शब्दांत श्रद्धा आहे आणि तिचा आम्ही आदर करतो. पण बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हेही प्रभूनेच सांगितले आहे. गर्भाच्या मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचे त्या माउलीच्या जेमतेम ध्यानात येते, तोवर हे काम उरकलेले असते. १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मातांना आधी ह्या नलिकेचा दोष असलेले मूल झाले होते, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यावर तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले. गोळी साधीच, पण ती वेळेआधी घ्यावयाची. रुबेलाची लसही गरोदरपणात देता येत नाही, ती आधीच घ्यावी लागते. साखर, थायरॉईड, रक्तदाब, फिटांवरची औषधे, ह्यांचेही तसेच. मिश्री लावण्याची सवयही आधीच सुटलेली बरी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. ते नऊ महिन्यांत भरून काढू म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

मात्र तपासणी ही निष्पाप वस्तू नव्हे, हे महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. गर्भातील मुलगी ओळखून तिला नाहीशी करण्याचा धंदा येथे इतका फोफावला की १९८८ साली राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. देशाचा कायदा त्यानंतर, १९९४ साली आला. म्हणून काय तपासले ह्याबरोबरच केव्हा आणि कशासाठी तपासले, हे आम्ही विचारतो. गर्भ राहिल्यानंतरच्या ज्ञानापुढे एक जीव उभा असतो आणि ते ज्ञान त्याच्यावर उलटू शकते. आधीच्या ज्ञानापुढे नाकारावयास कोणीच नसते. तेथे फक्त दोघांनी आपली स्थिती जाणून घ्यावयाची असते.

दोघांनी, हा शब्द आम्ही मुद्दाम लिहितो. कामशेतकडच्या एका बाईंनी लग्न ठरवताना आम्हांस विचारले होते, “मुलीचं रक्त तपासून घेऊ ना, फादर?” मुलाचेही तपासू या, म्हणताच त्या गप्प झाल्या. थॅलसेमियासारख्या आजारात तर एकाची तपासणी अपुरीच ठरते. वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस चारांत एक ह्या प्रमाणात मुलाला हा आजार होण्याचा संभव असतो आणि तीव्र आजार असलेल्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते.

ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. १२ सप्टेंबर १९५८ रोजी, निधनापूर्वी महिन्याभराच्या आत, पोप बारावे पायस रक्तविकारतज्ज्ञांच्या परिषदेपुढे ह्याच आजाराविषयी बोलले. विवाहापूर्वी रक्त तपासण्यास त्यांनी अनुमती दर्शविली. अशा दोघांना विवाह न करण्याचा सल्ला देता येईल, मनाई मात्र करता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सायप्रसच्या ऑर्थोडॉक्स धर्मसभेने १९८३ पासून लग्नाआधी तपासणीचा दाखला मागण्यास सुरुवात केली. त्या दाखल्यात निष्कर्ष नसतो, तपासणी झाली एवढेच असते, आणि लग्न अडविले जात नाही. तेथे पुढे गर्भपाताचा मार्गही अनेकांनी धरला, हे आम्ही लपवू इच्छित नाही.

लोणावळ्यातील एक जोडपे ह्या तपासणीतून गेले आणि दोघेही वाहक निघाले. आता काय करावे, असे विचारावयास ते आमच्याकडे आले. संयम, नैसर्गिक कुटुंबनियोजन, दत्तक मूल, अथवा येईल ते मूल जसे असेल तसे पदरी घेण्याचे धैर्य, ह्यांतील कोणतीही वाट ख्रिस्तसभा तुम्हांला बंद करीत नाही, असे आम्ही सांगितले. हे उत्तर आमचे आम्हांलाच तोकडे वाटले. पत्नी म्हणाली, “बाळ पोटात असतं तर आम्ही विचारायलाच आलो नसतो, फादर. ते आमचंच असतं. आता मात्र ठरवायला लागतंय.”

त्यांनी अद्याप काही ठरविलेले नाही. रविवारच्या मिस्साला दोघे मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसतात आणि आम्ही विचारीत नाही.