कळा वाढवायचं औषध आहे, कमी करायचं?

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरसारख्या गावातल्या दवाखान्यात एका रात्री दोघं येतात असं धरू. एक मुतखड्याने वाकडा झालेला शेतकरी आणि दुसरी पहिलटकरीण. खानदेशच्या उन्हाळ्यात मुतखड्याची माणसं काही कमी नसतात, त्यामुळे हे चित्र फार कल्पनेतलं नाही. शेतकऱ्याला खाटेवर आडवं करता करता इंजेक्शन मिळतं. ठणका थांबला नाही तर दुसरं. तुझ्या आजोबांनी कुठे घेतलं होतं इंजेक्शन, असं त्याला कोणी विचारत नाही. पहिलटकरणीला मात्र बाजेवर बसल्याबसल्या ऐकायला मिळतं, ‘आम्ही नाही का चार-चार काढली?’ मग तिलाही सलाईन लागतं. पण ते पुष्कळदा कळा वाढवण्यासाठी असतं.

त्या सलाईनमधलं औषध म्हणजे ऑक्सिटोसिन. औषध वाईट नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखून त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. कळा अडल्या तर त्याची गरजही पडते. पण ते सुरू झालं की गर्भाशय जोराने आवळतं आणि दोन कळांमधली उसंत कमी होते. ज्या बाईच्या कळा आपण बाहेरून वाढवतो, तिला त्या सोसायला काय देतो? बहुधा दरडावणी. कुठे कुठे वरून पोटावर दाबही दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत हा प्रकार करू नये असं सांगितलेलं आहे. एवढं सगळं झाल्यावर घरी फोन जातो, ‘नॉर्मल झाली’, आणि पेढे आणायला कोणीतरी पेठेत पळतं. नैसर्गिक बाळंतपण बरं की वेदनाशमन, हा वाद आपल्याकडे सुरू होण्याआधीच फसलेला आहे तो इथे. औषधाचा हात बाईला लागलेला असतोच, पण तो तिचं दुखणं वाढवणाराच.

तो वाद आला पश्चिमेकडून, आणि तिथे त्याला कारण होतं. १८४७ साली एडिंबरात जेम्स सिम्पसनने बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिला, तेव्हा बायबलात सांगितलेल्या प्रसूतिवेदना टाळणं धर्माला धरून आहे का, अशी कुरबुर झाली. १८५३ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्माच्या वेळी जॉन स्नोच्या हातून क्लोरोफॉर्म घेतला. राणीला पाप कोण सांगणार? पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून मॉर्फिन आणि स्कोपोलामिनची जोडगोळी निघाली. तिला ‘संधिप्रकाशाची झोप’ असं गोंडस नाव मिळालं. तिच्यात दुखणं पुरतं थांबत नसे, फक्त नंतर आठवत नसे. गुंगीत हातपाय झाडणाऱ्या बायकांना बांधून ठेवावं लागे, बाळंही सुस्त जन्मत. अशा बाळंतपणांचा अनुभव मागे असताना ब्रिटिश डॉक्टर ग्रँटली डिक-रीडने १९३३ मध्ये नैसर्गिक प्रसूतीचा पुरस्कार केला, आणि १९५०च्या दशकात डॉ. फर्नांड लमाझने पॅरिसमध्ये श्वासाची शिकवण दिली. त्यांच्या वाटेने गेलेल्या तिथल्या बायकांनी हाताशी असलेलं औषध नाकारलं, म्हणून त्यांच्या नकाराला निवड म्हणता येतं. आमच्या तालुक्यातल्या बाईपुढे असं औषध कोणी ठेवलेलंच नाही. मग तिने नाकारलं काय, आणि निवडलं काय?

वेदनाशमनाची आजची सर्वांत परिणामकारक पद्धत म्हणजे एपिड्युरल. पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत बारीक नळी बसवून भुलीचं सौम्य औषध थोडंथोडं सोडतात. बाई जागी असते, बोलते, आणि कळा पुष्कळ बोथट होतात. एपिड्युरलबद्दल दोन समज घट्ट आहेत. पहिला असा की ती घेतली की सिझर करावं लागतं. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने ४० चाचण्या आणि ११ हजारांहून अधिक बायकांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सिझरचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. दुसरा असा की पाठीत सुई दिली म्हणजे कंबर जन्माची गेली. हे तर प्रत्येक ओट्यावर ऐकू येतं, आणि त्यालाही त्या आढाव्यात आधार सापडला नाही. मात्र ही नळी फुकटात आराम देते असंही नाही. रक्तदाब उतरू शकतो, ताप येऊ शकतो, जोर लावण्याचा टप्पा लांबतो, पाय जड होतात, लघवीसाठी नळी घालावी लागू शकते. थोड्या बायकांना नंतर काही दिवस तीव्र डोकेदुखी होते. हे सगळं सांगून, विचारून, मग ठरवण्याची गोष्ट आहे.

आणि ते ठरवायला जागेवर भूलतज्ज्ञ हवा. इथेच गावाचं गाव म्हणून असणं आडवं येतं. पहूर हे जळगाव–अजिंठा रस्त्यावरचं, वाघूरकाठचं बाजाराचं गाव. पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायती, एक ग्रामीण रुग्णालय, जवळ जामनेर. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे ४० किलोमीटरवर जळगावात, तेही २०१८ पासूनचं. पाचोरा–जामनेर ‘पीजे’ रेल्वेगाडीतून लेकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत, त्या काळाच्या तुलनेत हे पुष्कळच आहे. तरी ३० खाटांच्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयाला कागदावर एक भूलतज्ज्ञ मिळाला, तर तो चोवीस तास जागा राहू शकत नाही. एपिड्युरल म्हणजे एकदा टोचून मोकळं होण्यासारखं काम नव्हे. बाळाचे ठोके आणि आईचा रक्तदाब तासन्‌तास पाहणारं माणूस लागतं.

ज्यांच्याकडे पैसा आहे, ते वेगळीच वाट काढतात. मुलगी ओरडायला लागली की बापाचा धीर सुटतो, ‘डॉक्टर, सिझर करून टाका.’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, देशातल्या खासगी दवाखान्यांतल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के सिझर होत्या, सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के. या तफावतीला कारणं अनेक आहेत, आणि सगळीच कौतुकाची नाहीत. पण त्यातलं एक कारण ही मागणी आहे असं मला वाटतं. कळा कमी करायची सोय नाही, म्हणून कळाच नकोत. पोट कापल्यावरचं दुखणं आणि पुढच्या बाळंतपणातली जोखीम यांचा हिशोब त्या घाईत होत नाही.

निसर्गाची बाजू घेणाऱ्यांनी एक आठवण ठेवावी. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि ते मूल दहा दिवसांचं होऊन गेलं. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या, त्यांचा प्रबंधही हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. निसर्गावर सोडलेलं बाळंतपण त्यांनी अंगावर काढलं होतं.

बाईने सोसावं, ही आपली जुनी खोड बाळंतपणापुरती नाही. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. त्या कुरकुरत नव्हत्या, म्हणून त्यांना काही होत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. कळांच्या वेळीही नेमकं हेच होतं. ओरडली नाही तर ‘किती सोशीक’, ओरडली तर ‘नाटकी’. दोन्ही वेळा औषधाचा विषय निघत नाही.

भूलतज्ज्ञ येईपर्यंत हात बांधून बसायचं कारणही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच २०१८च्या सूचनांत एपिड्युरलबरोबर पेथिडीनसारखी इंजेक्शनं, कमरेला चोळणं, गरम शेक, श्वासाच्या पद्धती हे सगळं पर्याय म्हणून आहे. पेथिडीनने उलटी आणि गुंगी येते, आणि जन्माच्या तोंडावर दिलं तर बाळाचा श्वास मंदावू शकतो. तेव्हा वेळ पाहून आणि देखरेखीखालीच. पण सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे सोबतीचं माणूस. १७ देशांतल्या १५ हजारांहून अधिक बायकांवरच्या चाचण्यांचा कॉक्रेनचा २०१७चा आढावा सांगतो की, सलग सोबत मिळालेल्या बायकांच्या कळा थोड्या कमी वेळ चालतात, सिझर कमी होतात आणि औषधही कमी लागतं. केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतिगृहात बाईच्या पसंतीची सोबतीण असावी असं आहे. प्रत्यक्षात माय नाहीतर मावशी दाराबाहेर पायरीवर बसलेली असते, हातात थर्मास घेऊन.

सोबत मिळाली म्हणून एपिड्युरलची मागणी सोडायची, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. गरिबाला श्वास आणि श्रीमंताला सुई, ही वाटणी मला मान्य नाही. सिझर मोफत करता येतं, तर जिल्ह्याच्या ठिकाणी तरी वेदनाशमन मोफत का नको?

तुमची लेक किंवा सून या हिवाळ्यात बाळंतपणाला येणार असेल, तर सातव्या महिन्याच्या तपासणीलाच डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. आत कोणाला थांबू द्याल? कळा फार झाल्या तर काय द्याल? कळा वाढवायचं सलाईन लावाल तेव्हा तिला आधी सांगाल का? आणि हे विचारताना तिला बाहेर बाकावर बसवून ठेवू नका, तिच्यासमोरच विचारा.