भीती कुठवर दाखवावी?

असीरगड चांदनीहून फार दूर नाही. कपाळावरची जखम घेऊन अश्वत्थामा गडावरच्या शिवमंदिरात आजही फूल वाहायला येतो, ही आख्यायिका रात्री सांगताना आवाज आपोआप खाली येतो. इथे ऐकणारा निदान गोष्टीबाहेर असतो. 1981 साली अमेरिकेत निघालेल्या 'कॉल ऑफ क्थुलू' या बैठ्या भयखेळात तोच पात्र होतो. अंधाऱ्या खोलीचे दार त्यालाच उघडावे लागते.

मग भिवविणाऱ्याचा अधिकार कुठवर? ऐकणारा 'पुरे' म्हणेपर्यंतच. भूत सांगणाऱ्याचे असले तरी भीती ऐकणाऱ्याची. ती त्याने विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. कुणाच्या घरचे ताजे दुःख गोष्टीत ओढले, की रंजन संपून छळ सुरू होतो.

गोष्ट संपल्यावर भ्यालेल्या पोराला अंधारातून घरी पोचवतो, तोच खरा गोष्ट सांगणारा.