कळसूची अट

लातूर-नांदेडकडं डोंगर नाहीत असं नाही. बालाघाटच्या रांगा आहेत, उदगीरजवळ देवर्जनचं हत्तीबेट आहे, माहूरला रेणुकामातेचा गड आहे, दत्तशिखर आहे. पण हे आपले देवाला जायचे डोंगर. तिथं आपण नारळ घेऊन जातो, सॅक घेऊन नाही. दम लागेस्तोवर चढायचं, माथ्यावर फोटो काढायचा आणि स्टेटसला ठेवायचा, ही हौस भागवायला आमच्याकडची मंडळी सह्याद्री गाठतात. शनिवारी संध्याकाळी नांदेडला देवगिरी एक्स्प्रेस धरायची, पहाटेच्या अंधारात नाशिक रोडला उतरायचं आणि जीप करून बारी गावात पोचायचं. लातूरकर थेट क्रूझर करून येतात. दिवसभरात कळसूबाई चढून-उतरून परत. सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही, म्हणून पहिल्याच ट्रेकला सगळ्यांना हाच डोंगर हवा असतो.

चढण खरी आहे. भातखाचरं मागं पडली की दगडांची वाट सुरू होते, मग कातळ, आणि पाय ठेवायला जागा नाही तिथं लोखंडी शिड्या. पावसाळ्यातल्या रविवारी शिडीवर रांग लागते. वरचा उतरायला अडलेला, खालचा चढायला. माथ्यावर कळसूबाईचं चिमुकलं देऊळ. धुकं हटलं तर भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, अलंग-मदन-कुलंग दिसतात.

आमच्या कंपूतल्या बऱ्याच जणांना या देवीची गोष्ट ठाऊक नव्हती. जुन्या जिल्हा गॅझेटियरमध्ये ती अवघ्या चार-पाच वाक्यांत नोंदलेली आहे. कळसू ही कोळ्याची पोर. रानावनात हिंडायची आवड. हिंडता हिंडता डोंगराच्या पायथ्याच्या इंदोर गावात आली आणि एका कोळी कुटुंबाकडे कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. काही दिवस सुरळीत गेले. मग एकदा घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितलं. तिनं दोन्ही कामं केली. आणि लगेच डोंगर चढून वर गेली, ती मरेपर्यंत खाली आली नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला तो काळदरा.

मला या गोष्टीत चमत्कारापेक्षा तो घरातला कुणीतरी जास्त महत्त्वाचा वाटतो. तो दुष्ट नसावा. त्यानं मारझोड केल्याचं गोष्टीत नाही, उपाशी ठेवल्याचं नाही. त्याला एवढंच वाटलं असेल की पोरगी रिकामी आहे, भांडी पडली आहेत, घासंल की. अट लक्षात होती की नव्हती, कोण जाणे. बहुतेक असावी; पण दुसऱ्याची अट आपल्या सोयीच्या वेळी फार बारीक दिसते.

आता त्या डोंगरावर आपण काय करतो पाहा. वाटेत जागोजाग पायथ्याच्या वाड्यांतल्या बाया लिंबू सरबत, काकडी, उकडलेली कणसं घेऊन बसलेल्या असतात. बाटल्या, पातेली, चुलीची लाकडं, सगळं डोक्यावर वाहून आणलेलं. आमच्यातला एक जण पाण्याच्या बाटलीसाठी हुज्जत घालायला लागला. "कामून मावशी, छापील किमतीपेक्षा जास्त?" मावशी म्हणाली, "खालच्या किमतीत खाली मिळतं, दादा." पैसे दिले, अर्धी बाटली प्यायला, अर्धी डोक्यावर ओतली आणि रिकामी बाटली कड्यावरून भिरकावली.

हा लातूरचा माणूस. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच्या आधीच्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभा राहिलेला हा गडी. लांबून वाहून आणलेल्या पाण्याची किंमत त्याला कुणी शिकवायची? त्या वेळी वाघीण डोळ्यांना दिसत होती, म्हणून कळत होती. बाईचं डोकं तितकं दिसत नाही, असं असेल का?

कड्यावरून टाकलेली बाटली हा न बोलता दिलेला हुकूम असतो. कुणीतरी वाकून ती उचलायची आहे, आणि ते कुणीतरी आपण नाही, हे टाकणाऱ्यानं ठरवून टाकलेलं असतं. इंदोरच्या माणसानं निदान तोंडानं सांगितलं होतं. शिवाय कळसू समोर होती, ती जाऊ तरी शकली.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: स्वच्छता मोहिमा निघतात, तरुण पोती भरभरून कचरा खाली आणतात. आणतात खरे, आणि कौतुकच आहे. पण मन लावून केलेली सेवा आणि गळ्यात पडलेलं काम यांत फरक असतो, आणि तो आम्हा नांदेडकरांना तरी कळायला हरकत नाही. सचखंड हुजूर साहिबच्या यात्रेला येणारे खातेपिते घरचे लोक लंगरमध्ये अनोळखी माणसांच्या उष्ट्या थाळ्या घासायला बसतात. जोडे सांभाळतात, पुसतात. काम तेच, जे कळसूनं नाकारलं होतं. पण इथं ते माणूस स्वतः होऊन मागून घेतो. भांड्यात कमीपणा नाहीच. तो येतो "तुझं कामच हे" असं दुसऱ्यानं ठरवलं की.

आणि लंगरमध्ये थाळी घासून आलेला माणूस घरी काय करतो, हेही पाहायला हवं. आपल्या कितीतरी घरांत कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप अजून वेगळा असतो, खिडकीत उपडा ठेवलेला. बाई काम धरताना बोलून घेतात: फरशी आणि भांडी करीन, कपडे नाही, पाहुणे आले तर वेगळे पैसे. ही शब्दशः कळसूची पद्धत. कळसूला आपण देऊळ बांधलं, नवरात्रात तिची यात्रा भरते. बाईंना मात्र म्हणतो, लई भाव खातेत आजकाल.

परतीच्या जीपमध्ये त्या बाटलीवाल्या मित्राला घरून फोन आला. सासरकडची माणसं अचानक आली होती, आणि भांडीवाल्या ताईंनी जास्तीच्या भांड्यांना सरळ नाही म्हटलं होतं. "उद्यापासून येऊ नको म्हणून सांग तिला," तो म्हणाला. फोन ठेवून आमच्याकडं वळला. "माजल्यात बघ." जीपमध्ये आम्ही सगळे नुकतेच कळसूबाईच्या पाया पडून आलो होतो. एकानं मान डोलावली, दुसऱ्यानं आपल्याकडच्या बाईचा किस्सा सुरू केला, आणि घोटीपर्यंत तोच विषय चालला.