लोईस, युनीके आणि घरांतील वाचन
२ तीमथ्य १ : ५

तीमथ्याचा विश्वास आधीं त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्या ठायीं होता, असें पौल लिहितो. पुढें तिसऱ्या अध्यायांत, तीमथ्यास बाळपणापासून पवित्र लेखांची ओळख होती, असेंही तो म्हणतो. बाप तर हेल्लेणी. तेव्हां ही ओळख घरांतील बायकांनींच करून दिली असावी.

चांगल्या कथाग्रंथांची गोडीही आईबापांनीं लेंकरांस अशीच लावावी, असें आम्ही म्हणतों. कित्येक उपदेशक कादंबरीला लबाडी समजून ती मुलाच्या हातून काढून घेतात. मग तें मूल गोठ्याआड बसून हातीं येईल तें वाचतें. अहो, नाथानानें दावीदास सांगितलेली कोंकरीची गोष्ट तरी कोठें घडलेली होती? पण राजाचें पाप तिनेंच त्याला दाखविलें.

जॉन बन्यन हा इंग्लंडांतील फुटकीं भांडीं दुरुस्त करणारा गरीब कारागीर. लग्न झालें तेव्हां घरांत ताटचमचाही नव्हता. मात्र बायकोनें दोन पुस्तकें आणिलीं होतीं. तीं तिच्या बापानें मरतांना तिच्यासाठीं ठेविलीं होतीं. दोघें तीं मिळून वाचीत, आणि आपला बाप किती भक्तिमान होता हें ती वारंवार सांगे. तिचें नांवही कोठें नोंदलेलें नाहीं! पण त्या वाचनानें नवऱ्याच्या मनांत धर्माची ओढ उत्पन्न झाली. पुढें सुवार्ता सांगितल्यावरून १६६० सालीं तो बेडफर्ड येथें तुरुंगांत पडला, तो सुमारें १२ वर्षें. आणि १६७८ सालीं त्याचें यात्रेकरूचें पुस्तक छापून निघालें. हरि केशवजींनीं तें १८४१ सालीं 'यात्रिक क्रमण' या नांवानें मराठींत आणिलें. त्या बापानें मुलीला शेत ठेविलें असतें, तर तें कधींच विकलें गेलें असतें.

आमच्या भाषेंतही बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ पासून आहे. तींत विधवांचें दुःख आहे. ती वाढत्या मुलींनीं वाचावी, पण आईजवळ बसून. कारण अशा पुस्तकांत मूल मध्येंच थांबून विचारतें, आणि तेव्हां उत्तर देण्यास कोणी जवळ पाहिजे.

कोणी बहीण म्हणेल, आम्हांस अक्षर येत नाहीं. बाई, मग मुलाला वाचूं द्या आणि तुम्ही ऐका. भाकरी थापतां थापतां ऐका. जुना शब्द अडला तर दोघांनीं मिळून अर्थ लावा. तुम्ही मन लावून ऐकतां हें पाहूनच त्याला गोडी लागेल. जी आई ऐकत नाहीं, तिच्या घरीं पुस्तक फळीवर धूळ खातें.

बन्यनचें पुस्तक वाचतांना मूल एक प्रश्न हटकून विचारील. यात्रेकरू कानांत बोटें घालून नाशनगरांतून पळत सुटतो. मग त्याच्या बायकोमुलांचें काय झालें? त्याला गप्प बसवूं नका. बन्यननें १६८४ सालीं दुसरा भाग काढिला, त्यांत तीच बायको आपल्या चार मुलांना घेऊन त्याच वाटेनें निघते.