मांडवाची भाजी, बाजाराची भाजी

एप्रिल लागला की आजींच्या पाककृती जपण्याची लाट येते. मोबाइलवर कुणाची तरी आजी दोडक्याच्या शिरांची चटणी करून दाखवते, पाहणारे आपापल्या आजीच्या आठवणीने गहिवरतात आणि ‘हे सगळं लिहून ठेवायला हवं’ असा ठराव होतो. लिहिण्याला माझा विरोध नाही. पण लिहिलं की जपलं, ही समजूत उथळ आहे. किती उथळ, ते नागपूरच्या धरमपेठेसारख्या वस्तीत चटकन दिसतं.

इथल्या जुन्या घरांना परस होतं. मोरीचं पाणी तिकडे वळवलेलं असे आणि त्यावर उन्हाळ्यात दोडका, कारलं, लवकी, चवळी, ढेमस तग धरून राहत. पुढे बंगले पडले, फ्लॅट स्कीमा उभ्या राहिल्या, परसात गाड्या लागल्या. ही कहाणी नागपुरात कुणाला नव्याने सांगायला नको.

घरची भाजी ‘सेंद्रिय’ म्हणून तिची आरती करणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना जेवण नको, औषध हवं आहे. सुना नोकरीला लागल्या म्हणून हे सारं बुडालं, असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर एकदा मूगवड्या घालून पाहाव्यात.

वाद घालण्याजोगा पक्ष लिहून ठेवणाऱ्यांचाच आहे, कारण त्यामागे मोठी परंपरा आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापलं गेलं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि घर सोडून दूर गेलेल्या किती मुलामुलींना त्याने जेवू घातलं असेल! हे ऋण मान्यच आहे. पण पुस्तक ज्या प्रश्नाचं उत्तर देतं, तो प्रश्न परसातल्या बाईला पडलेलाच नसे. पुस्तक सांगतं, दोडक्याची भाजी कशी करावी. तिच्यापुढचा प्रश्न असा, की आज एकदम निघालेल्या या दोडक्यांचं करायचं काय?

दोडका वेळेवर तोडला नाही तर जून होतो. कोवळा असताना त्याची मुगाची डाळ घालून भाजी. जरा निबर झाला की शिरा काढून चटणी. पानाआड राहून गेला तर वेलावरच वाळवायचा, बी पुढच्या वर्षाला ठेवायचं आणि आतली जाळी अंग घासायला घ्यायची. या तीन वेगळ्या कृती नव्हेत. एकाच वेलाच्या वयाशी घातलेला तो मेळ आहे. पुस्तकात मात्र पहिलीच ओळ येते: पाव किलो कोवळे दोडके. वेलाचं वय ठरवण्याचं काम तिथेच भाजीवाल्याकडे जातं आणि उरते ती फोडणी.

यावर कुणी म्हणेल, मग ऋतू, ऊन, निबरपणा हेही लिहा. जरूर लिहा. तरीही निर्णयाचं वर्णनच कागदावर उतरेल, निर्णयाची निकड उतरणार नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या उन्हात फुलं गळतात, काकडी कडू निघते आणि वेल मान टाकतो. पण तेच कोरडं ऊन गवारीच्या, वांग्याच्या खुला (वाळवणाच्या फोडी) झटपट वाळवून देतं. म्हणजे भाजी हाताशी आहे आणि ऊन तापलंय, एवढ्याच दिवसांत पावसाळ्याची बेगमी उरकायची. पिकलेलं कोहळं आपलं आपण महिनोन्‌महिने टिकतं, म्हणून त्याची घाई नाही; ते सणावारी बाकर भाजीला काढता येतं. कशाची घाई करायची आणि कशाची नाही, हे ज्ञान निकडीतून आलेलं होतं. गोकुळपेठेच्या बाजारात बाराही महिने सगळं मिळत असताना ही निकड येणार कुठून?

माझ्या लेखी खरा फरक जुन्या-नव्याचा नाही. घरची चव आणि हॉटेलची चव असाही नाही. फरक परसातल्या वेलाच्या मांडवाच्या पदार्थाचा आणि बाजाराच्या पदार्थाचा आहे. बाजाराचा पदार्थ इच्छेपासून सुरू होतो: आज कारलं खावंसं वाटतं, आणून करू. मांडवाचा पदार्थ अतिरेकापासून सुरू होतो: कारलं आलंय, पोरं तोंड वाकडं करतात, तरी संपवायचंय. घरापुरतं झालं की उरलेली लवकी कुंपणावरून शेजारी जाई. भांडं रिकामं परत करायचं नाही, या रिवाजाने दोन दिवसांनी त्यातून शेजारणीच्या हातची एखादी भाजी येई. आपण जिला घराण्याची पाककृती म्हणतो, ती कितीदा तरी गल्लीची असते.

यात गोडवे गाण्यासारखं सगळंच नव्हतं. मांडवाला जागा लागे, पाणी लागे आणि एका बाईची दुपार लागे. मराठी खाद्यसंस्कृती म्हणून जे मिरवलं जातं, त्यात कुणाच्या चुली गाळल्या जातात, हे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने दाखवून दिलं. परसाचे धनी मूठभरच होते. पण हा आक्षेप माझ्याच बाजूने पडतो. ज्यांच्याकडे ना परस ना पुस्तक, त्यांनीही ओलाव्याला आपसूक उगवणारी चिवळ खुडून तिचा बेसन लावून झुणका केला. ती भाजी लिहिणाऱ्याची वाट पाहत थांबली नाही, कारण तिच्यामागे निकड होती.

बाजारच्या दोडक्याची चटणी चवीला कदाचित आजीपेक्षा सरसही होईल. खुशाल करावी, तिला वारसा तेवढं म्हणू नये. वारसा हवाच असेल तर गॅलरीत कूलरशेजारी मोठ्या कुंडीत एक वेल चढवा आणि त्याला जेवढं येईल तेवढं, नको असतानाही, संपवा. कंटाळा आला की घरातलं कुणीतरी त्याचं काहीतरी वेगळं करील. ती कृती आजीला ठाऊक नसेल, कदाचित पसंतही पडणार नाही. तरी माझ्या मते आजीची परंपरा त्या घरात चालू आहे. वही नीट जपून ठेवणाऱ्या घरात ती असेलच, याची मला खात्री नाही.